चौथं बोल्ट

पोलिसातल्या केत्तुनेनचा फोन आला:
ड्रिल घेऊन ये, रायफलींचं कपाट आहे,
मालक गेला, किल्ली सापडत नाही.

कुहमोपासून एकवीस किलोमीटर.
बर्फ असं पडत होतं, जणू त्याला दुसरं काम नाही.
वडिलांचं दुकान मी चालवते, त्यांची हत्यारांची पेटीही तीच,
आणि झाकणाच्या आत त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेलं:
कुलूप चोरासाठी नसतं.
चोर आयुष्यात एकदा येतो,
मूल रोज कडी ओढून बघतं.

आउलिक्की दारातच उभी होती.
"सत्तेचाळीस वर्षं संसार केला.
त्याच्या मोज्याला भोक कुठे पडणार
तेसुद्धा मला आधी कळायचं.
पण ह्या किल्लीचा
ताकास तूर लागू दिला नाही मेल्यानं."
मेल्यानं म्हणाली, आणि गप्प झाली.

केत्तुनेन टोपी काढून म्हणाला,
नियमानं वागले इल्पो. परवाना एकट्याचा,
किल्लीही एकट्याची.
"बरोबर वागला हे मला कळतं रे.
बरोबर वागलेलं सगळं गोड लागतं का?"

शोधून झालं होतं: राईच्या पिठात,
सौनाच्या शेगडीमागे, मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्यांत,
जुन्या अकॉर्डियनच्या भात्यात.
ज्या कोटात त्याला पुरलं
त्याचे खिसे कुणी पाहिले नव्हते.
तो विचार खोलीत येऊन बसला होता.
त्याला कुणी कॉफी विचारली नाही.

कपाट राखाडी, चार बोल्टांनी भिंतीत आवळलेलं.
तीन दिसत होते. चौथं तिनं विणलेल्या रुमालाखाली,
रुमालावर कॅक्टसची कुंडी.
लोखंडाला माणसात आणायचा तिचा प्रयत्न.

चाळीस मिनिटं. ड्रिलची दोन पाती गेली.
चांगलं कपाट होतं, मला आदर वाटला.

आत दोन रायफली, एल्कच्या शिकारीच्या,
रिकाम्या, नळ्या पुसलेल्या,
बोल्ट काढून वेगळे, फडक्यात गुंडाळलेले,
झोपलेल्या घरात चालावं तसे हलके हात लागले असणार त्यांना.
काडतुसं वेगळ्या पेटीत. पेटीलाही कुलूप.
मी तिसरं पातं लावलं.

आणि सगळ्यात खालच्या फळीवर
एक गलोल.
बर्चची बेचकी, सायकलच्या ट्यूबचं रबर,
दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, इल्पोच्या हिशेबी अक्षरात:
"यार्नो. जप्त. १४ मे १९८८.
वाल्तेरीच्या हरितगृहाच्या सहा काचा.
समज आल्यावर परत."

यार्नो खिडकीपाशी होता.
तांपेरेला पदार्थविज्ञान शिकवतो, डोक्यावर केस उरले नाहीत.
तो हसला. मग हसू कुठे ठेवावं
ते त्याला सापडेना.
"पाच होत्या," तो म्हणाला. "सहावी आधीच फुटलेली होती."

केत्तुनेन यादी करत होता:
रायफल एक, क्रमांक अमुक, रायफल दोन,
गोळ्या मोजून बत्तीस.
पेन थांबलं. "गलोलीला परवाना लागत नाही," म्हणाला,
आणि कुणाच्या हातात द्यावी म्हणून
तशीच धरून उभा राहिला.

यार्नोनं हात पुढे केला नाही.
आउलिक्कीनं लेकाकडे पाहिलं, बराच वेळ,
दुकानात फळ दाबून बघतात तसं,
आणि गलोल केत्तुनेनच्या हातातून घेऊन
परत खालच्या फळीवर ठेवली.
रबराचा एक तुकडा गळून पडला.

रायफली पोलिसांच्या गाडीत गेल्या.
वारसांचं ठरेल तेव्हा ठरेल, कागद होतील.

"नवं कुलूप बसवशील?" तिनं विचारलं.
बसवलं. दोन किल्ल्या निघतात.
सवयीनं मी एक आईला, एक मुलाला देऊ लागले.
तिनं दोन्ही घेतल्या,
एप्रनच्या खिशात टाकल्या.

"आई, आत काय ठेवणार आहेस आता?"

"तुला कशाला सांगू?" ती म्हणाली,
आणि कॅक्टस जागेवर ठेवून
पाणी घातलं.